मदत हवी आहे: मॅडनमध्ये पासिंग खऱ्या फुटबॉलसारखं कसं करायचं?

मंडळी, इथे अमेरिकन फुटबॉलचे गेम खेळणारं कुणी आहे का? मी डॅलसजवळ राहतो, मॅडन हा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम ऑफलाइन खेळतो, फ्रँचायझी मोड (एकच टीम अनेक सीझन चालवायची), कॉम्प्युटरविरुद्ध. ऑल-प्रो या अवघड लेव्हलला माझं कम्प्लिशन (टाकलेल्यांपैकी झेलले गेलेले पास) ८० टक्क्यांच्या खाली येतच नाही. खऱ्या एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) एका सीझनचा विक्रम ड्रू ब्रीझचा आहे, २०१८ साली ७४.४ टक्के, आणि मी साधारण क्यूबी (क्वार्टरबॅक, पास टाकणारा खेळाडू) घेऊनही त्याच्या वर जातोय म्हणजे काहीतरी चुकतंय. ऑल-मॅडन (सगळ्यात अवघड लेव्हल) पण करून बघितलं, पण तिथे अवघड होतं ते डिफेन्स फास्ट झाल्यामुळे, माझं डिफेन्सचं वाचन चुकलं म्हणून नाही.

मला हवंय ते वेगळं. माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये क्यूबी आहे, त्याला कोच शिकवतात की तीन किंवा पाच पावलं मागे जा, जाता जाता सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) कुठे आहे बघ, पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि कुणीच नसेल तर जवळच्या रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) दे, आणि हे सगळं अडीच-तीन सेकंदांत. तो माझा गेम बघत बसतो आणि म्हणतो, बाबा तू कुणाला बघतच नाहीस, सरळ बटण दाबतोस. आणि खरंय ते! पाचही रिसीव्हर मला वरून एकदम दिसतात, खऱ्या क्यूबीला समोर सहा-सहा फुटांची माणसं असतात.

जुने लोक असतील त्यांना आठवेल, २००५ मध्ये आलेल्या मॅडन ०६ मध्ये व्हिजन कोन होता. क्यूबी जिकडे बघतोय तिकडे टॉर्चसारखा उजेड पडायचा, त्याच्या बाहेर पास टाकला की नेम चुकायचा. पेटन मॅनिंगचा कोन एवढा मोठा की अर्धं मैदान आत, आणि नवख्या क्यूबीचा अगदी चिंचोळा. तेव्हा मी एमएस करत होतो, रूममेटबरोबर एकाच टीव्हीवर खेळायचो, तर माझा कोन त्यालाही दिसायचा, मग मी मुद्दाम उजवीकडे बघायचो आणि शेवटच्या क्षणी डावीकडे. बऱ्याच लोकांना ते किचकट वाटलं आणि पुढे ते गेलं, पण माझ्या मते पासिंगमधली डोळ्यांची बाजू तेवढ्या नीट पुन्हा आली नाही. मॅडन २३ पासून प्लेसमेंट (बॉल नेमका कुठे टाकायचा ते ठरवणं) आणि मीटर (पासचा जोर-नेम दाखवणारी पट्टी) आलं, ते चांगलंय, पण ती अंगठ्याची परीक्षा आहे, नजरेची नाही.

मी यूझर क्यूबी अ‍ॅक्युरसीचा, म्हणजे माझ्या क्यूबीच्या नेमाचा, स्लायडर (सेटिंगमधली कमी-जास्त करायची पट्टी) ५० वरून ३० केला. आता पाच यार्डांचे साधे पासही रिसीव्हरच्या पायाशी जातात, हेही खोटंच. कुणी चांगले आकडे सांगेल का? की स्लायडर सोडून दुसरं काही करायचं? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
३० फारच खाली झालं. ४२-४५ वर ठेवा आणि त्याऐवजी कॉम्प्युटरचा पास डिफेन्स रिअ‍ॅक्शन (पासवर बचावपटू किती लवकर हलतात ते) थोडा वाढवा, ५५ वगैरे. एका वेळी एकच स्लायडर हलवा आणि चार-पाच मॅच खेळून मगच दुसरा, नाहीतर कशाने काय झालं कळत नाही. छोटे पास लागणार आणि लांबचे चुकणार हा फरक क्यूबीच्या रेटिंगमधून येऊ द्या, शॉर्ट, मीडियम, डीप अशी तीन वेगळी रेटिंग त्यासाठीच आहेत. डीप कमी असलेला क्यूबी घेऊन बघा.

प्रतिसाद २
स्लायडरपेक्षा आधी पाय बघा दादा. बहुतेक जण स्नॅप झाला (बॉल क्यूबीच्या हातात आला) की पंधरा यार्ड मागे पळतात. ऑफेन्सिव्ह टॅकल (दोन्ही कडांनी क्यूबीला वाचवणारे) सात-आठ यार्डांवर क्यूबी उभा आहे असं धरून ब्लॉक करतात, तुम्ही त्याच्या मागे गेलात की कडेने येणाऱ्याला सरळ रस्ता मिळतो. मी स्वतःला नियम घातलाय: ड्रॉप (मागे जाणं) संपला की डावी स्टिक सोडायची, पाय रोवले गेल्याशिवाय बटण नाही, आणि प्ले सुरू व्हायच्या आधी ठरवलेल्या क्रमानेच रिसीव्हर बघायचे. पहिल्याला सोडून थेट चौथ्याला टाकायचं नाही, तो कितीही मोकळा दिसला तरी. बटण नुसतं टॅप केलं तर लॉब (उंच पास), दाबून धरलं तर बुलेट (सरळ जोरदार पास), तर कव्हर टू (मागे दोन सेफ्टी असलेला डिफेन्स) दिसला की कॉर्नरच्या (कडेच्या बचावपटूच्या) डोक्यावरून, सेफ्टी पोचायच्या आत, साइडलाइनला या दोन्हींच्या मधला पास टाकायचा, तिथे जोर नेमका लागतो. माझं कम्प्लिशन ६५च्या आसपास आलंय.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल तीन मॅच खेळलो, अ‍ॅक्युरसी ४४, आणि क्रमाचा नियम पाळून. ६८, ६१, ७१ टक्के! मुलगा शेजारी बसून मोठ्याने एक-दोन-तीन म्हणत होता आणि तीनला बॉल गेला नाही की ओरडत होता. दुसऱ्या मॅचमध्ये दोन इंटरसेप्शन गेले (पास समोरच्यांनी झेलले), दोन्ही माझ्या चुकीच्या वाचनाने, आणि मला तेच हवं होतं. आता एकच अडकलंय, प्ले-अ‍ॅक्शनमध्ये (बॉल पळणाऱ्याला दिल्याचं भासवून पास टाकणं) क्यूबी डिफेन्सकडे पाठ करतो तेव्हा क्रम कुठून सुरू करायचा? तुम्ही तिथे काय करता?