मदत हवी आहे: टेनिस महिला दुहेरी, मॅच टाय-ब्रेकमध्ये सर्व्हिसचा क्रम चुकला तर?

पणजीत आमच्या क्लबांच्या महिला दुहेरी सामन्यांना डब्ल्यूटीए टूरचीच (महिलांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेची) पद्धत आहे: नो-अ‍ॅड (40-40 झाल्यावर एकाच गुणावर गेमचा निकाल), आणि 1-1 सेट झाले की तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा मॅच टाय-ब्रेक. पंच नसतात, खेळाडूच गुण मोजतात.

परवा वाद झाला. समोरच्या जोडीतल्या एकीने पहिला गुण सर्व्ह केला, पुढचे दोन आमचे. चौथा-पाचवा तिच्या जोडीदारणीचा, पण पुन्हा तीच उभी राहिली. 3-2 झाल्यावर लक्षात आलं.

आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) नियमावली वाचली आहे. चूक सम गुणांनंतर कळली तर लगेच दुरुस्त करायची, विषम गुणांनंतर कळली तर बदललेला क्रम तसाच ठेवायचा. झालेले गुण कायम, हेही मान्य. म्हणजे सहावा-सातवा आमचा, इथवर शंका नाही. पण पाळी त्याच जोडीची होती, फक्त खेळाडू चुकली. अशा वेळी ‘बदललेला क्रम’ म्हणजे नेमकं काय, यावर आमचं एकमत होईना. क्लबमधल्या दोन प्रशिक्षकांची उत्तरंही वेगळी आली.

रविवारी उपांत्य सामना आहे, उगाच कटुता नको. पंचगिरी केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा: आठवा-नववा गुण कोणी सर्व्ह करायचा, तिनेच की जोडीदारणीने?