मित्रांच्या पंगतीत बसून घात करणाऱ्या राजाला म्हणायचं काय?

पाटीपेन्सिल (परळ):
मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. फँटसी कादंबरी लिहायला घेतलीय. उत्तरेच्या खिंडीतून शत्रू चाल करून येतोय आणि पाच राज्यं त्याच्याविरुद्ध एकत्र आलीयत. त्यातला एक राजा शपथ घेताना सगळ्यांत आधी हात पुढे करतो. मग घोडदळ पाठवतो ते दोन दिवस उशिरा, धान्य पाठवतो ते किडकं, आणि खिंडीतल्या चौक्यांचा नकाशा तर शत्रूच्या छावणीत आधीच पोचलेला. बंड करत नाही, उघड बाजूही बदलत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत मित्रांच्याच पंगतीला.

मी बिनधास्त 'फितूर राजा' लिहून मोकळी झाले होते. आईने वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "राजा कसा फितूर होईल गं? फितूर होतो तो किल्लेदार." तेव्हापासून पान पुढे सरकत नाहीये.

गिरगावकर:
आईंना नमस्कार सांगा. त्यांनी नेमकं बोट ठेवलंय.

फितूर मूळचा अरबी. तिकडे त्याचा अर्थ ढिलेपणा, शैथिल्य. हिंदीत तो डोक्यातलं खूळ झाला, आपल्याकडे बेइमानी. पण मराठीतलं क्रियापद बघा: फितणे, फितवणे. कुणीतरी फितवतो, कुणीतरी फिततो. म्हणजे फितणाऱ्याच्या वर एक धनी लागतो आणि बाहेर एक फितवणारा. किल्लेदार, हवालदार, हुजऱ्या, हे फितूर होऊ शकतात. तुमचा राजा स्वतःच धनी. तो कुणाचं मीठ खातो की बेइमान व्हावं? राजद्रोहाचा आरोपही त्याच्यावर लागत नाही.

बरोबरीच्यांचा घात केला तर जुना शब्द आहे मित्रद्रोह. कानाला जरा पोथीतला वाटेल, पण गुन्ह्याचं नाव तेच.

कोर्टकचेरी:
आमच्याकडे फितूर म्हणजे साक्षीदार. 'चौथा साक्षीदारही फितूर' असं पेपरात महिन्यातून दोनदा छापून येतं. पिंजऱ्यात उभं राहून "मला काही आठवत नाही" म्हणणारा. त्याच्याही मागे फितवणारा असतोच, फक्त तो पिंजऱ्यात दिसत नाही. गिरगावकर काकांचं व्याकरण कोर्टातही लागू.

पार्लेकर:
'गद्दार' लिहा ना सरळ. सगळ्यांना कळतो.

पाटीपेन्सिल:
कळतो, तीच पंचाईत. २०२२ पासून तो शब्द इतक्या भाषणांतून ऐकलाय की वाचकाला खिंड दिसायच्या आधी शिवाजी पार्क दिसेल.

पार्लेकर:
मग 'युती' आणि 'आघाडी'चं काय करणार? 'पाच राज्यांची युती' वाचलं की मी आधी जागावाटप शोधणार.

पाटीपेन्सिल:
हसू नका, तो घोळही झालाच आहे. 'तह' लिहिलं तर तो लढाई संपल्यावरचा, पुरंदरचा किंवा सालबाईचा. दुसऱ्या महायुद्धाच्या पुस्तकांत 'दोस्त राष्ट्रे' असतात, तिथून 'दोस्तसंघ' घ्यावा का विचार करतेय.

गिरगावकर:
'फळी' घ्या. पाच राज्यांची फळी. पुढे 'फळी फुटली' म्हणायची सोयही आपोआप होते.

लालबागची वाचक:
मी भाषेतली कुणी नाही, पण असा राजा मी जवळून पाहिलाय. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या वेळी सगळ्या बिऱ्हाडांनी ठरवलं होतं, कुणी एकट्याने बिल्डरशी बोलायचं नाही. आमचा सेक्रेटरी सभेत सगळ्यांत कडक. "एकजूट मोडली तर रस्त्यावर येऊ" हे वाक्य त्याचंच. एक दिवस माझे मिस्टर दुसऱ्याच कामासाठी बिल्डरच्या ऑफिसात गेले, तर टेबलावर आमच्या सभेच्या कच्च्या इतिवृत्ताची प्रत. आम्ही अजून सह्यासुद्धा केल्या नव्हत्या. समासात हिरव्या शाईच्या खुणा. चाळीत हिरवं पेन एकच माणूस वापरायचा.

तर त्याला आम्ही 'फुटला' म्हटलं नाही. फुटला तो उघड पलीकडे जातो. संपफोड्यासुद्धा गेटातून आत जाताना सगळ्यांना दिसतो, माझ्या सासऱ्यांनी ८२ च्या संपात पाहिलेले. हा आमच्यातच बसून चहा पीत होता. चाळीत शब्द एकच होता: "तो मिळालेला आहे." किंवा "आतून सामील आहे." त्या 'आतून'मध्ये सगळं आलं.

गिरगावकर:
वा! 'आतून सामील'. ताई, भाषेतली कुणी नाही म्हणू नका.

त्याच्याच जोडीला 'संधान बांधणे'. शत्रूशी संधान म्हणजे गुप्त दुवा. यात एक गंमत आहे. 'संधान' आणि 'संधी' एकाच धातूतले, दोन्हींत सांधणं आहे. संस्कृतात संधी म्हणजे दोन राजांमधला करार. मराठीत ती 'आलेली वेळ' झाली आणि तिला जोडून संधिसाधू जन्माला आला. तुमचा राजा चौघांशी संधी करतो, पाचव्याशी संधान बांधतो. कौटिल्याने या चालीला नावही देऊन ठेवलंय. राजनीतीच्या सहा गुणांतला शेवटचा, द्वैधीभाव: एकाशी संधी आणि दुसऱ्याशी विग्रह, म्हणजे वैर, एकाच वेळी. आपल्या 'द्विधा मनःस्थिती'शी त्याची गल्लत करू नका. द्विधा माणसाचं ठरत नसतं. द्वैधीभाववाल्याचं केव्हाच ठरलेलं असतं. म्हणून 'तळ्यात-मळ्यात' पण इथे चालणार नाही.

पार्लेकर:
'झारीतला शुक्राचार्य'?

गिरगावकर:
नको. आपण तो आतून खोडा घालणाऱ्या कुणाहीबद्दल वापरतो, ऑफिसातल्या फाइल दाबणाऱ्यापर्यंत. पण गोष्ट आठवा. शुक्राचार्य झारीच्या तोटीत बसला तो बळीला वाचवायला. स्वतःचा डोळा गमावला बिचाऱ्याने. म्हणी कधीकधी माणसावर फार अन्याय करतात. सूर्याजी पिसाळांचंही तेच. १६८९ ला रायगड पडला त्याचं खापर त्यांच्या माथी, अभ्यासकांना ते पटत नाही, पण नावाची शिवी व्हायची ती होऊन बसली.

नाटकवाला:
अहो, तुम्ही सगळे महाभारत विसरलात का? शल्य!

मद्रदेशाचा राजा, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. पांडवांना मिळायला सैन्य घेऊन निघाला. वाटेत दुर्योधनाने मुक्कामामुक्कामाला मंडप घातले, बडदास्त ठेवली. याला वाटलं, ही सोय धर्मराजाचीच. खूश होऊन वर देऊन बसला आणि कौरवांच्या बाजूने अडकला. मग युधिष्ठिराने त्याच्याकडे काय मागितलं? 'तू कर्णाचा सारथी होशील तेव्हा त्याचा तेजोवध कर.' आज आपण सहज म्हणतो ना, भर मीटिंगमध्ये साहेबाने माझा तेजोवध केला, तो शब्द उद्योगपर्वात या प्रसंगात आहे.

आणि शल्याने शब्द पाळला. सतराव्या दिवशी रथ कर्णाचा, लगाम याच्या हातात, आणि तोंडाने हंस-कावळ्याची गोष्ट: उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसाशी पैज लावून समुद्रावर उडाला आणि दमून पाण्यात पडायला लागला. ऐन लढाईत, स्वपक्षाच्या सेनापतीला! घोडे मात्र नीट हाकले. हाच तुमचा राजा. कामात खोट नाही, पण माणूस आतून खचवायचा.

त्यात नावही बघा. शल्य म्हणजे बाणाचं टोक, आत रुतून राहिलेलं. 'मनातलं शल्य' म्हणतो तेच.

पाटीपेन्सिल:
अंगावर काटा आला. पण माझा राजा शल्यासारखा अडकलेला नाही, त्याला कुणी फसवलं नाही. थंड डोक्याने करतो सगळं.

गिरगावकर:
मग नागपूरकर भोसले घ्या. १७८० च्या सुमारास इंग्रजांविरुद्ध नाना फडणवीस, हैदर, निजाम आणि भोसले अशी चौघांची फळी उभी राहिली. भोसल्यांनी बंगालवर जायचं ठरलं. मुलगा चिमणाजी फौज घेऊन निघाला आणि कटकच्या बाजूला रेंगाळला, तो रेंगाळलाच. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज, त्याच्याशी आतून बोलणी आणि पैसा चाललेला. कागदावर मोहीम चालू, फौज जागेवर. निजामालाही गुंटूर परत देऊन इंग्रजांनी गार केलं. याला मराठीत फार चांगला वाक्प्रचार आहे: अंग राखून लढणे.

कोर्टकचेरी:
आणि अशा माणसाला चारचौघांत म्हणायचं 'मुत्सद्दी'. मुळात मुत्सद्दी म्हणजे कारकून हो, आमच्यासारखा. बढती कशी मिळाली ते आम्हालाही सांगा.

पाटीपेन्सिल:
ठरलं. राजाला विशेषण द्यायचंच नाही. दूत म्हणेल, "महाराज आतून सामील आहेत", बस. मित्रद्रोह हा शब्द म्हाताऱ्या राजगुरूच्या तोंडी, एकदाच. घोडदळाचं वाक्य असं केलंय: 'शपथेला सर्वांत आधी पुढे झालेला हात घोडदळाला निघा म्हणताना मात्र दोन दिवस उचललाच गेला नाही.' 'अंग राखून' इथे वापरलं नाही, कारण बिचाऱ्या स्वारांना काहीच ठाऊक नाही. ते जिवानिशी लढतात.

आईला पुन्हा वाचून दाखवलं. राजावर ती आता काही बोलली नाही. म्हणाली, "किडकं धान्य काय लिहितेस? तांदूळ पाठवला असेल तर सोंडे लागलेला म्हण. आणि पोतं उघडायच्या आधीच वास येतो, ते कोठारवाल्याला कसं कळलं नाही, तेवढं बघ."

आता कोठारवाला कुणाला सामील आहे ते शोधायचंय.