मदत हवी आहे: फळमाशीच्या मेंदूच्या स्लाइडवर सजातीय गुणसूत्रे जोडीने का दिसतात?

नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाची विद्यार्थिनी असून, प्रकल्पासाठी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीच्या तिसऱ्या अवस्थेतील अळ्यांचा मेंदू काढून त्याच्या स्क्वॅश स्लाइड तयार करत आहे. मेंदू ०.७ टक्के मिठाच्या द्रावणात सोडवते, दीड तास कोल्चिसिनमध्ये (पेशीविभाजन मध्येच थांबवणाऱ्या रसायनात) ठेवते, १० मिनिटे ०.५ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये फुगू देते आणि ॲसिटो-ऑर्सिनने रंगवते. कव्हरस्लिपवर अंगठा जरासा घसरला की सगळ्या पेशी फरपटतात, त्यामुळे बऱ्याच स्लाइड वाया गेल्या. गेल्या आठवड्यात मात्र काही पेशी नीट पसरल्या.

मादीच्या पेशीत अपेक्षेप्रमाणे ८ गुणसूत्रे मोजता आली. दुसरी आणि तिसरी जोडी मोठी, मध्यभागी गुणसूत्रबिंदू असलेली, एक्स काडीसारखे, आणि चौथी जोडी म्हणजे दोन ठिपके, जे मी आधी रंगाची घाण समजून सोडून देत होते. अडचण मोजणीची नाही. ही गुणसूत्रे विखुरलेली नसून प्रत्येक गुणसूत्र आपल्या सजातीय जोडीदाराला, म्हणजे दुसऱ्या पालकाकडून आलेल्या त्याच क्रमांकाच्या गुणसूत्राला, खेटून पडलेले दिसते. सूत्री विभाजनात (शरीरपेशींच्या नेहमीच्या विभाजनात, म्हणजे मायटोसिसमध्ये) सजातीय गुणसूत्रांचा एकमेकांशी संबंध येत नाही, असेच आम्ही शिकलो आहोत. सहाध्यायी म्हणतो की हे अर्धगुणसूत्री विभाजन (जननपेशी तयार करणारे, म्हणजे मायोसिस) असावे, पण मेंदूत ते कसे असेल? आणि जोड्या खरोखर जुळलेल्या असतील, तर पश्चावस्थेत (गुणसूत्रे दोन ध्रुवांकडे ओढली जातात त्या टप्प्यात) जोडीदारच एकमेकांपासून दूर जाऊन कन्यापेशींत चार-चार गुणसूत्रे का उरत नाहीत? शिवाय नर माशीत क्रॉसिंग ओव्हर (सजातीय गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल) होत नाही, म्हणजे त्यातून बनणारा जोड, कायझ्माही नाही; मग तिच्या वृषणात सजातीय गुणसूत्रांना धरून ठेवणारी जोडणी हीच का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमची स्लाइड बरोबर आहे आणि विभाजनही सूत्रीच आहे. माश्या-डासांच्या गणात सजातीय गुणसूत्रे शरीरपेशींतही जोडीने राहतात. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०८ मध्येच हे नोंदवले होते आणि १९१६ मध्ये मेट्झ यांनी या गणातील अनेक जातींत ते दाखवले. त्याच अळीच्या लाळग्रंथी पाहिल्यात तर हे टोकाला गेलेले दिसेल: तिथे जोडीदार इतके एकजीव होतात की महाकाय गुणसूत्रांच्या पाच लांब भुजा आणि चौथ्याचा आखूड तुकडा एवढेच मोजता येते.

मग पेशीत चारच गुणसूत्रे का उरत नाहीत? जोडीने असणे वेगळे आणि बांधलेले असणे वेगळे. सूत्री विभाजनात कोहेसिन हे प्रथिन एकाच गुणसूत्राच्या दोन क्रोमॅटिडना (त्याच्या दोन सारख्या प्रतींना, म्हणजे बहिणींना) बांधून ठेवते आणि त्या दोघांचे तर्कुतंतू (गुणसूत्रे ओढणारे धागे) विरुद्ध ध्रुवांकडून येतात. त्यामुळे खेचाखेच होते ती बहिणी-बहिणींत. शेजारचा जोडीदार त्या ताणात नसतोच. तो आपला ताण स्वतंत्रपणे सोसतो. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या फेरीत मात्र दोन्ही क्रोमॅटिड एकाच ध्रुवाकडे तोंड करतात आणि ताण निर्माण व्हायचा असेल तर सजातीय गुणसूत्रे एकमेकांना खरोखर बांधलेली असावी लागतात. एरवी ते काम कायझ्मा करतो.

नराचा प्रश्न सर्वांत रंजक आहे. त्याच्यात क्रॉसिंग ओव्हर होत नाही, हे मॉर्गन यांनी १९१२ मध्ये दाखवले. तिथे एक्स आणि वाय जुळतात ते रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांपाशी, नेमके सांगायचे तर त्या जनुकांमधील २४० बेसजोड्यांच्या पुनरावृत्त तुकड्यांपाशी. एसएनएम आणि एमएनएम ही २००५ मध्ये ओळखली गेलेली प्रथिने एक्स-वायसह सर्व जोड्यांना पश्चावस्थेपर्यंत धरून ठेवतात. ती नसतील तर जोडीदार आधीच सुटे होतात आणि वाटेल त्या ध्रुवाकडे जातात. म्हणजे मेंदूतील जवळीक आणि वृषणातील बांधणी यांना एकच समजू नका.

खात्रीसाठी एक स्लाइड कोल्चिसिन आणि सायट्रेट दोन्ही वगळून करा. कोल्चिसिन तर्कुतंतू बनूच देत नाही, म्हणून तुम्हाला आजवर पश्चावस्था दिसली नसणार. सायट्रेटही ती बिघडवते. वृषण पाहायचे असेल तर नर अळीच्या मेदपिंडात दोन्ही बाजूंना पारदर्शक लंबगोल दिसतात. मादीचे अंडाशय त्या मानाने फारच लहान असतात. अर्धगुणसूत्री विभाजन मात्र कोषाच्या सुरुवातीला अधिक सापडेल.

धागालेखिकेचे उत्तर

मनःपूर्वक आभार. काल सांगितल्याप्रमाणे स्लाइड केली. ऑइल इमर्शनखाली एका पेशीत पश्चावस्था मिळाली: दोन्ही गटांत दुसऱ्या-तिसऱ्याच्या लांब भुजा मागे लोंबत होत्या, आणि ठिपके दोन्हीकडे दोन-दोन होते, म्हणजे चौथ्याची जोडी दोन्हीकडे पूर्ण गेली होती.