मदत हवी आहे: कोलोरॅडो नदीवरच्या आगबोटीचं चालतं मॉडेल

पाणलोट:
जॉर्ज जॉन्सनने १८५५ साली कोलोरॅडो नदीवर आणलेल्या ‘कोलोरॅडो’ या आगबोटीचं पाण्यावर चालणारं मॉडेल करतोय. प्रमाण १:४८. मूळ बोट १२० फुटी, म्हणून मॉडेल ३० इंच. मूळ बोट जेमतेम दोन फूट पाण्यात बसायची, म्हणजे मॉडेलला अर्धा इंच.

तळ सपाट, ३ मिमी प्लायचा. बॉयलरच्या जागी बॅटरी पुढे. मोटर आणि पाणी लोटणारं चाक मागे. पाण्यात सोडलं की दोन्ही टोकं खाली येतात आणि मधला भाग फुगतो. जाड प्लाय लावला तर वजनाने बोट पाऊण इंच बुडते. सुकाणू एकच, चाकाच्या मागे. बोट मागे घेताना ते काहीच काम करत नाही.

शिवाय डेकवर माल कोणता ठेवू? मिळतात ती चित्रं मिसिसिपीची, कापसाच्या गासड्यांची.

रंधा:
प्लाय जाड करू नका. खऱ्या बोटींतही बॉयलर पुढे, इंजिन-चाक मागे, त्यामुळे हाच बाक यायचा. त्यावर उपाय म्हणजे डेकवर उभे खांब आणि त्यांच्या माथ्यावरून पुढून मागे ताणलेल्या लोखंडी सळ्या, मधे टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचा पेच). टोकं या सळ्यांनी उचलून धरलेली असत.

तुम्हाला १ मिमी पितळी तार पुरेल, दोन्ही बाजूंना एकेक. खांबाचा पाय आडव्या फासळीवर टेकवा, नुसत्या प्लायवर टेकवलात तर तो प्लाय दाबत खाली जाईल. तार ताणायची ती बोट पाण्यात असताना, सगळं वजन जागेवर ठेवून. टेबलावर ताणलीत तर उलटा बाक येतो. आणि आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा द्या, एकच बाजू आधी आवळली की तळ पिळवटतो.

मजबुतीसाठी तळाला बाहेरून पट्ट्या मारायचा मोह होईल. या नदीची पाहणी करणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या लेफ्टनंट आइव्हजच्या ‘एक्सप्लोरर’ या ५४ फुटी लोखंडी बोटीला तशी लांब लाकडं बोल्टने बसवली होती. पण उथळ, वाळूने भरलेल्या नदीत ती अडकतात, तळ गुळगुळीतच हवा.

भरती_ओहोटी:
सुकाणूं चाकाच्या मागे नकोत, पुढे हवीत. दोन किंवा तीन, एकाच आडव्या दांडीने जोडलेली. चाक उलटं फिरलं की पाण्याचा लोट पुढे, थेट सुकाणूंवर येतो आणि मागचं टोक हवं तिकडे वळतं. मॉडेलमध्ये त्यांचं क्षेत्रफळ मापापेक्षा दीडपट ठेवा, पाणी काही ४८ पटीने लहान होत नाही.

या नदीवर उलटं चालवणं ही रोजची गरज होती. वाळूचे दांडे सतत जागा बदलत, म्हणून पुढच्या टोकाला उभा खलाशी काठीने पाणी मोजत राही. दांडा आडवा आला तर बोट फिरवून मागचं चाक त्याच्यावर घालायचं, चाक वाळू उकरून वाट करी. तेही जमलं नाही तर नांगर लांब नेऊन टाकायचा आणि त्याच्या दोरावर बोट ओढून घ्यायची. तेव्हा दोर गुंडाळायचं उभं चाक पुढच्या डेकवर जरूर दाखवा.

माल नदीकाठच्या फोर्ट यूमा या लष्करी ठाण्याचा: पीठ, खारवलेलं मांस, दारूगोळा. सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या टोकाशी आणून तो नदीच्या बोटीत चढवत. खाणींची यंत्रं १८५५ च्या मॉडेलवर ठेवू नका; नदीकाठच्या ला पाझला सोनं सापडलं १८६२ मध्ये. मागे बार्जही (ओढून न्यायची मालनौका) जोडू नका, ती नंतरची.

पाणलोट:
सुकाणूं आजच पुढे घेतो, तीन बसतील. बॉयलरजवळ सरपण किती दाखवू?

रंधा:
सरपण कॉर्डमध्ये मोजत; एक कॉर्ड म्हणजे ४ × ४ × ८ फूट. तुमच्या मापात १ × १ × २ इंचाचा ढीग, ओंडके १ इंच लांब, २ ते ४ मिमी जाड. पुढच्या डेकवर दोन्ही बाजूंना सारखे दोन-दोन ढीग रचा, नाहीतर बोट कलेल. सरपण मुख्यतः मेस्किट, कॉटनवूड, विलो. आपल्याकडची वेडी बाभूळ ही मेस्किटच्याच कुळातली, तिच्या वाळलेल्या काटक्या घ्या. वाकड्यातिकड्याच चांगल्या दिसतात. काटे आधी काढा, आणि चिकटवण्यापूर्वी वार्निशचा हात द्या, नाहीतर त्या पाणी पितात आणि तुमचा अर्धा इंच वाढतो.