किनाऱ्यावरून थेट समुद्रात: बेटांवरच्या डायव्हिंगचे अनुभव

नाताळात कॅरिबियनमधल्या बॉनेअर बेटावर चाललोय. बोट नको, गाडी लावायची, हवेची टाकी पाठीला अडकवायची आणि चालतच पाण्यात शिरायचं असा बेत आहे. कॅरिबियन, अंदमान, कुठेही असं डायव्हिंग केलं असेल तर लिहा. मासे किती सुंदर ते फोटोत दिसतंच, पाय कुठे घसरतो ते सांगा.

ह्यूस्टनहून
बॉनेअरला आम्ही पुन्हा पुन्हा जातो. रस्त्याकडेला पिवळा रंग फासलेला, नाव लिहिलेला दगड दिसला की तिथून उतरायचं. पहिल्या दिवशी माहितीसत्र आणि सरावाची डायव्ह सक्तीची आहे, निसर्ग शुल्क आधीच ऑनलाइन भरून टाका.

खरी परीक्षा काठावर. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे, गोटे, निसरडे खडक. जाड तळाचे बूट हवेतच. फिन्स (पोहताना पायात घालायची वल्ह्यासारखी पाती) हातात घेऊन कमरेइतक्या पाण्यात जायचं, दोन लाटांमधली उसंत साधायची आणि जोडीदाराचा खांदा धरून त्या चढवायच्या. बाहेर येणं त्याहून अवघड. पाण्यात हलकी वाटणारी टाकी गुडघाभर पाण्यात एकदम अंगावर येते. आधाराला खडक धरावा, तर हातमोज्यांना मनाई. मी सरळ रांगत बाहेर येते. लाज कसली!

गाडीत काही ठेवू नका. काचा खाली, दारं उघडी, असंच सगळे सांगतात. आमच्या गटातल्या एकाच्या तर चपलाही गेल्या.

टोरांटोहून
बॉनेअरच्याच ‘थाउजंड स्टेप्स’ या डायव्हिंगच्या जागेच्या नावाला घाबरू नका, पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत. परत चढताना मात्र हजार वाटतात. ‘हिल्मा हूकर’ हे 1984 मध्ये बुडालेलं जहाज सुमारे 30 मीटरवर कुशीवर पडलंय. तिथे हवा झपाट्याने संपते, हवेच्या काट्यावर लक्ष ठेवा. रात्री उतरलात तर मोठाले टार्पन मासे तुमच्याच टॉर्चच्या उजेडात शिकार करतात. खांद्यामागून एकदम चंदेरी काहीतरी सुटतं आणि काळजात धस्स होतं. वाईट एवढंच की 2023 मध्ये बॉनेअरला प्रवाळांचा रोग आढळला. मेंदूसारख्या वळ्यांच्या प्रवाळांना त्याचा मोठा फटका बसलाय.

पुण्याहून
आमचं अंदमान, हॅवलॉक बेटावरचं नेमो रीफ. मला पोहता येत नाही. प्रशिक्षक टाकी धरून नेतो. आधी उथळ पाण्यात तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं साधन) काढून परत घालायला लावलं, तेव्हा खारट घोट गेलाच. खाली जाताना थोड्या थोड्या अंतराने नाक दाबून कान मोकळे करायचे. सर्दी असेल तर जाऊच नका. भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या, ओहोटीला फार लांबवर चालत जावं लागतं. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांचं पत्र घरूनच न्या.

न्यू जर्सीहून
डायव्हिंग नवरा करतो, मी काठावर. बॉनेअरला वारा खूप आणि सावली कमी, टोपीला दोरी हवी. शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नसतं, म्हणून शेवटचा दिवस माझा! दक्षिणेला मिठागरांकडे फ्लेमिंगो बघायला जा. वाटेत मोकाट गाढवं आडवी येतात, गाडी हळू चालवा.