'आफ्टरटेस्ट'मधल्या शेफला इतक्या लवकर माफ का करायचं?

सांजदिवा (धागाकर्ती)

ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीची 'आफ्टरटेस्ट' ही मालिका गेल्या आठवड्यात पाहून संपवली. पहिला सीझन २०२१चा, दुसरा २०२२चा. दोन्हींत सहा-सहा भाग, एकेक साधारण अर्ध्या तासाचा. न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते, शेवट फोडत नाही. ईस्टन वेस्ट हा जगभर नाव कमावलेला आणि भयंकर तापट शेफ. चारचौघांत तोल जातो, कीर्ती धुळीला मिळते आणि तो साउथ ऑस्ट्रेलियात, ॲडलेड हिल्समधल्या आपल्या मूळ गावी परततो. घरच्यांशी संबंध कधीचेच तुटलेले. तिथे त्याला भेटते भाची डायना, वय वर्षं १९, केक आणि पेस्ट्रीत विलक्षण हात असलेली. तिच्या साथीने तो पुन्हा उभा राहू पाहतो.

मालिका देखणी आहे, कलाकार उत्तम आहेत, मी एका बैठकीत तीन-तीन भाग पाहिले. तरी माझा राग गेला नाही. पडद्यावर एक माणूस दिसेल त्याचा अपमान करतो आणि आपण हसावं अशी अपेक्षा असते, कारण तो 'प्रतिभावान' आहे. मग त्याचा एखादा हळवा क्षण येतो, संगीत मऊ होतं आणि आपण विरघळावं अशी अपेक्षा असते. ज्यांच्यावर तो ओरडला ते लोक कुठे गेले? ते मागच्या भागातच राहिले. डायनासारखी मुलगी स्वतःच्या बळावर कथेची नायिका होऊ शकली असती. तिला मामाच्या पुनर्वसनाची शिडी का केलं?

आणखी एक. ईस्टनचं काम एरिक थॉमसनने केलंय. ऑस्ट्रेलियात हा नट म्हणजे 'पॅक्ड टू द राफ्टर्स'मधला सगळ्यांचा लाडका बाबा. त्याचा चेहरा दिसताच प्रेक्षकाच्या मनात माया आधीच तयार असते. म्हणजे अर्धी माफी त्या चेहऱ्यानेच मिळवून दिलेली. अनोळखी, खडबडीत चेहऱ्याचा नट असता तर आपण पहिल्याच भागात टीव्ही बंद केला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तुमचं मत सांगा. विशेषतः विरोधी मत ऐकायला आवडेल.

परतफोडणी

प्रचंड असहमत. मी अकरा वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढली आहेत, त्यातली पहिली तीन मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात, कॉमी म्हणजे सगळ्यात खालचा कुक म्हणून. म्हणून सांगतो, ही मालिका शेफला सोडत नाही, उलट फार सौम्यपणे का होईना पण त्याला उघडा पाडते.

किचन पाहिलं नसेल तर तो ओरडा निव्वळ दुष्टपणा वाटेल. रात्री साडेआठला केओटींची, म्हणजे किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची रांग लागते. एका टेबलाचे चार पदार्थ चार वेगळ्या सेक्शनमधून एकाच मिनिटाला पासवर, म्हणजे ताटं बाहेर जातात त्या ओट्यावर, यायला हवेत. ग्रिलवाला चाळीस सेकंद चुकला की उरलेल्या तिघांचं ताट मरतं. तिथे आवाज चढतोच. मी ओरडून घेतलंय आणि नंतर ओरडलोही आहे, दोन्ही खरं. ईस्टनला पाहताना मला माझा पहिला सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा शेफ, आठवला. त्या माणसाने मला चाकू धरायला शिकवलं, आईचं ऑपरेशन होतं तेव्हा मला न विचारता आठ दिवसांची रजा लावून दिली, आणि सॉस फाटला म्हणून पातेलं सिंकमध्ये भिरकावलंही. एकाच माणसात हे सगळं असतं. मालिकेने तेच दाखवलं. तुम्हाला दुभंगलेला माणूस नको आहे, निकाल हवा आहे.

अनुस्वार

मला ही विनोदी मालिका का म्हणतात तेच कळलं नाही. सहा भागांत मनापासून हसू आलं ते तीन-चार वेळा. बाकी शिव्या. दर दुसऱ्या वाक्यात तोच शब्द ऐकून कान किटले. आईसोबत पाहायला बसलो होतो, दहाव्या मिनिटाला तिनेच सांगितलं, तू एकटा बघ. ज्यांना हलकंफुलकं हवंय त्यांनी वेळ घालवू नये.

दक्षिणवारा

मी नऊ वर्षं ॲडलेडमध्ये आहे, त्यामुळे थोडं तिथलं सांगते.

ईस्टनचं युरेडला हे खरं गाव आहे, शहरातून वर चढलं की अर्ध्या तासात येतं. माउंट लॉफ्टीच्या पाठीमागचा हा पट्टा भाजीपाल्याच्या मळ्यांचा, सफरचंद-चेरीच्या बागांचा, आता वाइनचाही. हिवाळ्यात सकाळी इतकं धुकं असतं की समोरचं कुंपण दिसत नाही. मालिकेत हे सगळं नुसती पार्श्वभूमी म्हणून येत नाही. इथल्या माणसाला मोठेपणाचं कौतुक सहज सुटत नाही. त्याला इथे एक शब्दप्रयोग आहे, 'टॉल पॉपी': शेतात जे खसखशीचं रोप इतरांपेक्षा उंच वाढेल ते छाटायचं. परदेशात गाजलेला शेफ गावात आला म्हणून कुणी हार घालत नाही. विनोद बहुतेक तिथेच आहे. अनुस्वार, तुम्हाला हसू आलं नाही त्याचं एक कारण हे असू शकतं. तो ओरडतो त्यात गंमत नाहीये, तो ओरडतो आणि समोरच्यावर काडीचाही परिणाम होत नाही, त्यात आहे. इथले लोक विनोद करताना चेहरा हलवत नाहीत. मला स्वतःला तो कळायला दोन वर्षं लागली.

पण सांजदिवाताईंचा मूळ मुद्दा मला पटतो, आणि माझं कारण वेगळं आहे.

ॲडलेडला स्वयंपाकाचे कोर्स करायला आपल्याकडची बरीच मुलं येतात. रिजन्सी पार्कला ल कॉर्दों ब्लू या फ्रेंच पाककला संस्थेची शाखा आहे, शिवाय टेफ ही सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्था. मी अशा मुलांच्या घरी जेवले आहे, त्यांना घर शोधून दिलंय. विद्यार्थी व्हिसावर सत्रं सुरू असताना पंधरवड्याला ठरावीक तासच काम करता येतं, २०२३च्या जुलैपासून ते ४८ आहेत. त्याहून जास्त तास राबवून घेणारा मालक भेटला तर मुलगा तक्रार करायला घाबरतो, कारण नियम त्यानेही मोडलेला असतो. पुढे कुकच्या कामावर मालकाने स्पॉन्सर केलं, की आणखी बांधला जातो. नोकरी सुटली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला आधी फक्त ६० दिवस मिळायचे. २०२४च्या जुलैपासून ती मुदत १८० दिवसांची झाली. आता विचार करा. शेफ ओरडला तर गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं, समीक्षक वाईट लिहू शकतो, भाची दार आपटून जाऊ शकते. फ्रायरवर उभा असलेला आपला मुलगा कुठे जाणार? परतफोडणीदादा म्हणतात की मालिका शेफला उघडा पाडते. पाडते, पण ज्यांच्यात उलट बोलायची ताकद आहे त्यांच्यासमोरच. डायना घरातली आहे. तिचा रुसवा ईस्टनला लागतो. ज्याचं नाव त्याला ठाऊक नाही अशा कुकचा अपमान कोणत्या भागात फेडला गेला?

परतफोडणी

दक्षिणवाराताई, व्हिसाचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेने कामगार कायदाही शिकवावा ही अपेक्षा जास्त आहे. एका घराची गोष्ट आहे, ती घरापुरती ठेवली तर बिघडलं कुठे?

मोगरीचा वाफा

बिघडलं असं नाही, पण आपल्याकडे ऑस्ट्रेलियन स्वयंपाकघराची प्रतिमा ज्या कार्यक्रमाने तयार केली, तो आठवा. 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया' २००९ला सुरू झालं आणि आमच्या घरी रात्रीची जेवणं त्याच्या वेळेवर होऊ लागली. स्पर्धक रडला की परीक्षक जवळ घेणार, डोळे पुसणार. अमेरिकन आणि ब्रिटिश कार्यक्रमांत शेफ कच्चं मांस दाखवून शिव्या द्यायचे. हे लोक पाठ थोपटायचे. मी बहिणीला सांगायचे, बघ, न ओरडताही शिकवता येतं.

मग २०१९ला बातमी आली. त्याच तीन परीक्षकांपैकी जॉर्ज कॅलोम्बारिस यांच्या कंपनीने ५००हून अधिक कर्मचाऱ्यांना मिळून ७८ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर कमी पगार दिला होता. आधी कंपनीने चूक आपणहून कळवली होती, पैसेही परत केले, हेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी तो डोलारा कोसळला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून 'तो ओरडतो की गोड बोलतो' या प्रश्नावरचा माझा भर कमी झाला. पगाराची चिठ्ठी काय सांगते ते आधी बघायचं.

त्यामुळे मला ईस्टन त्या मानाने प्रामाणिक वाटला. तो जसा आहे तसा दिसतो. इतकंच त्याच्या बाजूने म्हणेन.

सांजदिवा (धागाकर्ती)

मोगरीचा वाफा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. ओरडणं हाच सगळा गुन्हा धरून मी धागा काढला होता, ते अपुरं होतं हे मान्य.

पण परतफोडणी, "तिथे आवाज चढतोच" हे मी मान्य करणार नाही. आधुनिक किचनची सगळी रचना, सेक्शन, हुद्दे, वरपासून खालपर्यंतची साखळी, ज्या ऑग्युस्त एस्कोफिएच्या नावाने सांगितली जाते, तो सैन्यात स्वयंपाकी होता आणि शिस्त त्याने तिथूनच आणली. पण त्याच माणसाने आपल्या किचनमध्ये शिवीगाळ आणि दारू बंद केली. ऑर्डर ओरडून सांगणाऱ्याला फ्रेंचमध्ये 'भुंकणारा' अशा अर्थाचं नाव होतं, ते बदलून त्याने 'घोषणा करणारा' केलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, कोळशाच्या भट्ट्यांसमोर, हे शक्य मानणारा माणूस होता. कोपनहेगनच्या नोमा या रेस्टॉरंटचा शेफ रेने रेड्झेपी २०१५मध्ये स्वतः लिहून मोकळा झाला की मी माझ्या लोकांवर ओरडत आलो, त्यांना ढकलतही होतो. गर्दीच्या वेळी घाई असते हे कारण पुरेसं असतं तर त्याला ते लिहावंसं वाटलं नसतं.

परतफोडणी

एस्कोफिएचं कॉलेजात शिकलो होतो. हुद्दे पाठ केले, शिवीबंदीचा भाग कुणी शिकवला नाही. हे खरंच कुणीतरी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायला हवं.

तरी एक गोष्ट सोडत नाही. डायना शिडी नाही. तुम्ही तिच्याकडे ईस्टनच्या बाजूने पाहताय, म्हणून ती शिडी दिसते. तिच्या हातांकडे पाहा. नॅटली ॲबट संगीत नाटकांतून आलेली नटी आहे, पण पीठ-साखरेशी वागताना तिच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता येते ती मी फक्त चांगल्या पेस्ट्रीवाल्यांत पाहिली आहे. बेकरी सेक्शन हा किचनमधला शांत कोपरा. ओव्हनला दरडावून काही होत नाही. वजन, तापमान, वेळ, बस. गरम किचनमधले लोक पेस्ट्रीवाल्यांना कमी लेखतात, आणि भारतात तर मुलींना "तू बेकरीत जा" म्हणून सरळ तिकडे ढकलतात, तंदूरवर उभं राहू देत नाहीत. माझ्या बॅचमधल्या सहा मुलींपैकी चौघींचं हेच झालं. म्हणून त्या शांत कोपऱ्यातली जाड, बिनधास्त, कुणाला न घाबरणारी पोरगी एका नामांकित माणसाला "हे चवीला चांगलं नाही" असं तोंडावर सांगते, तेव्हा मला त्यात तिचीच गोष्ट दिसते. ईस्टनला तिची गरज आहे. तिला त्याची आहे का, हा प्रश्न मालिका पुन्हा पुन्हा विचारते.

दक्षिणवारा

हे मात्र अगदी पटलं. आणि तिच्या अंगकाठीवर एकही स्वस्त विनोद नाही, याची नोंद घ्यायलाच हवी. ऑस्ट्रेलियन टीव्हीवरही हे सहज घडत नाही.

अनुस्वार

सगळे इतकं लिहिताय म्हणून काल पुन्हा लावली. या वेळी सबटायटल्स लावून, कारण उच्चार निम्मे कळत नव्हते. जरा जास्त हसलो, विशेषतः बहीण-भावाच्या भांडणांत. शिव्यांबद्दलचं मत तेच आहे. मत बदललं म्हणून लिहीत नाही, फक्त पहिला प्रतिसाद घाईत दिला होता हे सांगायचं होतं.

सांजदिवा (धागाकर्ती)

परतफोडणी, तुमचं वाचून पहिल्या सीझनचे दोन भाग काल रात्री फक्त डायनाकडे बघत पुन्हा पाहिले. शिडी हा शब्द मागे घेते.

माफीबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे. तुमच्या त्या सू शेफने पातेलं भिरकावलं आणि रजाही लावून दिली. पातेल्याबद्दल तो नंतर कधी काही बोलला का?

परतफोडणी

नाही. सोळा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत फोन केला होता, तासभर बोललो, आईची चौकशी केली त्याने. तो विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.