'हवा काढा' लिहिलं आणि पोराने चाकाची काढली

कागदीघोडा:
मंडळी, अनुवादातला एक गुंता आहे, सोडवून द्या. आमच्या दूध संकलनाला जुन्या डिझेल पिकअप आहेत, कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवाली डिझेल यंत्रणा, यायच्या आधीच्या, साध्या पंप-नोझलवाल्या. पहाटे कुठेतरी आडरानात बंद पडतात आणि ड्रायव्हर पोरं नवीन, म्हणून मला सांगितलं की गाडी बंद पडली तर आधी काय बघायचं याचा एक कागद मराठीत करून दे, लॅमिनेट करून समोर चिकटवू. मी इंग्रजी कागद पुढ्यात घेऊन बसलो. डिझेलच्या लायनीत हवा शिरली की ती बाहेर काढायची असते, त्याला तिकडे 'ब्लीडिंग' म्हणतात, मी आपलं सरळ 'हवा काढा' लिहिलं. परवा पहाटे साडेचारला एका पोराचा फोन, "दादा कागदात लिहिलंय तशी मागच्या डाव्या चाकाची हवा काढली तरी गाडी चालू होईना, आता उजव्याची काढू का?"

हसू नका, मागे ३०० लिटर दूध होतं.

तर 'हवा काढा' नाही तर काय लिहू? आमचा मेस्त्री 'एअर काढ' म्हणतो, पण मला सांगितलंय की कागद पूर्ण मराठीत पाहिजे. आणि समजा एअरच ठेवलं तर एअर काढली, काढला, का काढलं?

उंडगा_ड्रायव्हर:
पोराची चूक नाही. गाडीची हवा काढ म्हटलं की जगात कुणीही टायरकडेच जाणार. आम्ही शाळेत मास्तरांच्या स्कूटरची काढायचो 😄

शुद्धमती:
'वायुनिष्कासन' का नको? किंवा आणखी सुटसुटीत, 'वातमोचन'. अर्थ नेमका आहे, चाकाशी गोंधळ होणार नाही. आपण प्रत्येक वेळी इंग्रजी शब्दाच्या दाराशी उभं राहायचं हे काही बरं नाही.

आजोबांचा_नातू:
वातमोचन 😂😂 ताई पहाटे साडेचारला ड्रायव्हरने वातमोचन केलं तर शेजारी बसलेला क्लीनर खाली उतरेल, गाडी मात्र तिथेच राहील.

शुद्धमती:
विनोद करायला सोपं असतं. दूरध्वनीलाही लोक हसले होते.

उंडगा_ड्रायव्हर:
आणि नंतर काय झालं ताई? सगळे फोनच म्हणायला लागले ना.

पाना_पक्कड:
२२ वर्षं डिझेलचंच काम करतोय म्हणून बोलतो. गॅरेजमध्ये हवा आणि एअर हे दोन वेगळे शब्द आहेत. हवा टायरमध्ये असते, ती पाहिजे असते. एअर डिझेलच्या लायनीत असते, ती नको असते. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरालासुद्धा पहिल्या आठवड्यात हे कळतं, कुणी शिकवत नाही. 'हवा चेक कर' म्हटलं की तो मीटर घेऊन चाकाकडे जातो आणि 'एअर आहे का बघ' म्हटलं की १० चा पाना घेऊन फिल्टरकडे जातो. आता यात मराठी किती आणि इंग्रजी किती ते तुम्ही ठरवा, काम मात्र अडत नाही.

शब्दवेडी:
हे फार आवडलं. म्हणजे उसना शब्द आळसाने घेतला नाहीये, एकाच वस्तूच्या दोन अवस्था वेगळ्या करायला घेतलाय. टेबल आणि मेज असे दोन्ही शब्द असून काही फरक पडत नाही, पण इथे फरक पडतोय. तरी माझा एक प्रश्न, मोटारीच्या बाबतीत काय म्हणता? विहिरीवरची मोटार 'हवा धरते' असंच ऐकलंय मी, तिथे कुणी एअर म्हणत नाही.

आजोबांचा_नातू:
आमच्या आजोबांकडे शेतात जुनं हँडल मारून चालू करायचं डिझेल इंजिन होतं, ते बंद पडलं की आजोबा म्हणायचे "इंजान वारं प्यालं". वारा प्यालेलं वासरू म्हणतो ना आपण, तसं. फरक एवढाच की वासरू वारं प्यालं की उधळतं आणि इंजिन वारं प्यालं की थिजतं. मग ते पान्याने काहीतरी ढिलं करायचे, फसफस फेस यायचा, बोटाने पुसायचे आणि पुन्हा हँडल. कागदात 'इंजिन वारं प्यालं असेल तर' असं लिहा की हो, काय गोड वाटेल.

कोकणी_माणूस:
आमच्याकडे पण वारंच. होडीच्या इंजिनालाही वारं लागतं असं म्हणतात. पण 'वारं जाणे' म्हणजे माणसाचं अंग लुळं पडणे, अर्धांगवायू, तेव्हा जपून 😀

निफाडचा_द्राक्षवाला:
एअरचा उगम इंग्रजी आहे हे कुणी ठरवलं? खेड्यात लोक स्पष्ट 'येर' म्हणतात. येर हा जुना मराठी शब्द आहे, येर म्हणजे दुसरा, परका. डिझेलमध्ये घुसलेला परका तो येर. येरागबाळा त्यातलाच. मला तरी हे पटतं.

शब्दवेडी:
येर म्हणजे 'इतर' हे बरोबर, जुन्या मराठीत जागोजागी आहे. पण त्याचा आणि डिझेल पंपाचा संबंध म्हणजे नावात साम्य दिसलं की सोयरिक जमवण्यासारखं आहे. ज्याला येर म्हणतात तोच माणूस एअरपोर्टला येरपोर्ट म्हणतो, तिथे कोण परका घुसला?

निफाडचा_द्राक्षवाला:
विमानातून सगळे परकेच उतरतात 😂 बरं सोडतो, पण पूर्ण नाही सोडत.

शुद्धमती:
विषय भरकटतोय. मूळ मागणी मराठी शब्दाची आहे. विश्वकोशात 'अंतर्ज्वलन एंजिन' आहे, इंजेक्शनला 'अंतःक्षेपण' आहे. शब्द आहेत, आपण वापरत नाही.

पाना_पक्कड:
ताई माझा शब्दांना विरोध नाही, पण 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीज आहे, ज्या चावीने गाडी चालू होते ती चावी पोर्तुगीज आहे आणि महिन्याच्या शेवटी मिळतो तो पगारही पोर्तुगीज, हे मला माझ्याच एका गिऱ्हाइकाने सांगितलं, ते मराठीचे प्राध्यापक आहेत. तेवढे काढून दाखवा मग अंतःक्षेपक लिहितो बोर्डावर.

शुद्धमती:
चारशे वर्षांत रुजलेले शब्द आणि काल आलेले शब्द यात फरक करायचा की नाही?

उंडगा_ड्रायव्हर:
मग चारशे वर्षं थांबू, तोवर दूध नासेल.

कागदीघोडा:
अहो माझं राहिलंच. लिंग सांगा कुणीतरी. शिवाय त्याच गाडीचा अजून एक त्रास आहे, एअर काढली की १०-१२ किलोमीटर चालते, मग आचके देते, रेस पकडत नाही, बंद. बाहेर कुठेच डिझेल गळत नाही. मेस्त्री म्हणतो पंप गेला, उतरवून कॅलिब्रेशनला पाठवू. पंपाचा खर्च ऐकून संचालक मंडळाने आचके दिले.

पाना_पक्कड:
थांबा. पंपाला हात लावू नका. मी सांगतो तसं बघा, आणि हेच तुमच्या कागदात पण घाला.

टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देतो तो छोटा फीड पंप. टाकीपासून त्या फीड पंपापर्यंतची जी नळी आहे ती ओढीची नळी. पुढे फीड पंपापासून डिझेल ढकललं जातं, तिथे चीर असेल तर बाहेर ओल दिसते. पण ओढीच्या बाजूला चीर असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून गळत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, गळत नाही म्हणूनच मला संशय येतो. आता हवेने काय होतं, डिझेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारं तोंड, उघडायला २०० बारच्या आसपास दाब लागतो, मध्ये बुडबुडा आला की मोठ्या पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. मग गाडी आचके देते.

बघायचं कसं. बंद पडल्यावर सेल्फ मारताना सायलेन्सरला बघा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत पोचतंय पण जळत नाही, तिथे दुसरं दुखणं. धूरच नाही म्हणजे डिझेलच येत नाही. मग टाकीचं झाकण उघडा, सुस्स आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय, टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल येईनासं होतं, ते साफ केलं की फुकटात काम. आवाज नाही आला तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडा आणि गाडी चालू ठेवून नुसतं बघत बसा. बुडबुडे दिसले की चोर टाकीच्या बाजूला.

एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून इंजिनाजवळचा छोटा हातपंप मारायचा, आधी फेस, मग बुडबुडे, मग सरळ धार, आणि पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा, हात थांबवून आवळला तर परत आत ओढतं. तांब्याचे वॉशर जुनेच पुन्हा बसवू नका. आणि नोझलच्या नटातून उडणाऱ्या धारेसमोर बोट धरू नका, ती कातडीच्या आत शिरते, मग सरळ ऑपरेशन.

शब्दवेडी:
'ओढीची नळी', 'श्वासाचं भोक', 'सरळ धार'. शुद्धमतीताई बघा, हे शब्द कुणी समितीने केले नाहीत.

शुद्धमती:
मान्य, सुंदर आहेत. पण मग हाच माणूस 'एअर' का म्हणतो हा माझा मुद्दा तसाच राहतो.

आजोबांचा_नातू:
हातपंप! आमच्या एका ड्रायव्हरला फोनवर सांगितलं की हातपंप मार, तो म्हणे मारला, बादली भरली, आता काय करू. बोअरवर गेला होता बिचारा.

कोकणी_माणूस:
आधी गाड्यांत लोक रॉकेल मिसळायचे, त्यानेही पंप जायचे ना? आणि रॉकेल शब्द त्या अमेरिकन तेलवाल्या रॉकफेलरवरून आला हे खरं का?

निफाडचा_द्राक्षवाला:
रॉक ऑइल, खडकातलं तेल, त्याचं रॉकेल. रॉकफेलर ही दंतकथा वाटते. आणि घासलेट म्हणजे गॅसलाइट.

कोकणी_माणूस:
माझे मामा रॉकफेलरच म्हणायचे आणि मामांनी रेशन दुकान चालवलंय.

निफाडचा_द्राक्षवाला:
मग विषय संपला, मामांपुढे कोण बोलणार.

पाना_पक्कड:
रॉकेलने पंप जायचे हे खरं. डिझेल हेच पंपाच्या आतलं वंगण असतं, रॉकेल कोरडं, आतले बारीक पार्ट घासतात. घासलेट नाव बरोबर आहे, घासतं म्हणून 😄

निफाडचा_द्राक्षवाला:
आणि वर माझ्या येरला हसता!
नाशकात आमच्याकडे आणखी गंमत. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, सातपूरला नोझल बनवणारी, तिचं नाव २००८ साली बॉश झालं, पण चौक अजून मायको सर्कलच आणि जुने मेस्त्री अजून मायकोचा पंप म्हणतात. नाव कंपनीने बदललं, लोकांनी नाही.

शब्दवेडी:
लिंगाचं माझं मत, स्त्रीलिंगी. एअर आली, एअर काढली. हवा मनात असते म्हणून.

उंडगा_ड्रायव्हर:
नगर साइडला एअर आलंय, काढलं. नपुंसकलिंगी. पाणी आलंय तसं.

आजोबांचा_नातू:
आमचा मेस्त्री "एअर पकडला" म्हणतो, पण तो मूळचा बिहारचा.

कागदीघोडा:
काल पाना_पक्कडदादांनी सांगितलं तसं केलं. झाकणाचा आवाज नाही आला. पारदर्शक नळी लावली, अर्धा तास चालू ठेवली, एक बुडबुडा नाही. गाडी छान. आज सकाळी रूटवर गेली तर परत बंद. एक मात्र पोरगं सहज बोललं की टाकी फुल असली की नाटक करत नाही, काल पण आम्ही टेस्ट करायची म्हणून फुल केली होती.

पाना_पक्कड:
अहो हे पहिल्याच दिवशी सांगायचं!! टाकीच्या आत जो उभा पाईप असतो, ज्यातून डिझेल उचललं जातं, त्याला मधेच गंजून भोक पडलंय किंवा चीर गेलीय. टाकी भरलेली असते तेव्हा ते भोक डिझेलखाली बुडलेलं असतं, काही होत नाही. लेव्हल खाली गेली की भोक उघडं पडतं आणि हवा ओढतं. पाईप बाहेर काढा, एक टोक दाबून धरा, पाण्यात बुडवून दुसरीकडून फुंका. आणि बसवायच्या आधी खालची जाळी साफ करा. पंप उतरवला असता तर पैसे गेले असते आणि गाडी तिथेच.

उंडगा_ड्रायव्हर:
त्या उभ्या पाईपला काय म्हणतात दादा?

पाना_पक्कड:
पिकअप.

उंडगा_ड्रायव्हर:
म्हणजे पिकअपच्या पिकअपला भोक पडल्यामुळे पिकअपला पिकअप नव्हता 😂

शब्दवेडी:
अरे देवा. तीन पिकअप, तीन अर्थ. आणि 'गाडीला पिकअप नाही' हा वेग पकडण्याचा अर्थ तर आपण इतका घट्ट धरलाय की आमची आई सुनेबद्दलसुद्धा म्हणते, कामाला पिकअप नाही.

शुद्धमती:
उभ्या पाईपला 'उचलनळी' म्हणा. गाडीला 'उचलगाडी' म्हणा असं म्हणणार नाही, घाबरू नका. पण वेगाच्या पिकअपला 'उठाव' हा चांगला शब्द आहे.

आजोबांचा_नातू:
उठाव १८५७ चा.

पाना_पक्कड:
उचलनळी चालेल मला. खरंच चालेल.

कोकणी_माणूस:
उचल म्हणजे आगाऊ घेतलेला पगार ना? ड्रायव्हर लोक नळी बघायच्या ऐवजी ऑफिसात येतील.

कागदीघोडा:
भोक सापडलं, टाकीच्या साधारण मध्यावर, सुईएवढं. वेल्डिंग करून आणलं. पण कागद शनिवारी छापायला द्यायचाय आणि तिसऱ्या ओळीत अजून नुसती मोकळी जागा आहे. एअर काढली का काढलं?

उंडगा_ड्रायव्हर:
काढलं.

शब्दवेडी:
काढली.